रुपयाचा फोन : शिरोळच्या मळ्यासाठी

एसटी स्टँडवर किंवा किराणा दुकानाच्या दाराशी टांगलेला लाल रंगाचा रुपयाचा फोन, ज्याला कॉइन बॉक्स म्हणत, वरवर पाहता स्वयंपूर्ण यंत्र वाटत असला तरी त्याचे निम्मे काम टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत असे. म्हणूनच तो शिरोळ तालुक्यातील एखाद्या मळ्यावरच्या घरासाठी पुन्हा चालू करायचा, तर पेटीची दुरुस्ती हा कामाचा सोपा भाग ठरतो.

दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने वातानुकूलनाविना चालणारे छोटे ग्रामीण एक्सचेंज विकसित केले, आणि त्यातले पहिले 1986 साली शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला सुरू झाले. त्यानंतर पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओ केंद्रांबरोबर सार्वजनिक फोन खेड्यापाड्यांत पोहोचला. रुपयाच्या फोनची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. पलीकडच्याने फोन उचलताच एक्सचेंज दोन तारांची ध्रुवता, म्हणजे त्यांतील धन-ऋण बाजू, उलट करी. हा संकेत ओळखून यंत्र नाणे मागे आणि ते पडेपर्यंत बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे जाऊ देत नसे, त्यामुळे फोन न लागल्यास गरिबाचा रुपया वाचत असे. 

दुरुस्तीला बसल्यावर प्रथम हुकाखालचे संपर्कबिंदू, म्हणजे रिसीव्हर उचलताच एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, गंज काढून स्वच्छ करावे लागतात, नंतर बटणांखालची रबरी पट्टी आणि रिसीव्हरची वेटोळी दोरी तपासावी लागते. खरी अडचण नाण्याची आहे. 1992 पासूनचे पोलादी रुपयाचे नाणे 25 मिलिमीटर व्यासाचे आणि 4.85 ग्रॅम वजनाचे होते, तर 2011 च्या मालिकेतील नाणे सुमारे 22 मिलिमीटर आणि 3.79 ग्रॅमचे आहे. व्यास आणि वजन यांवरून नाणे पारखणारी जुनी खाच ते स्वीकारत नाही. खाच कापून बदलण्यापेक्षा जुनी नाणी जवळ ठेवणे अधिक योग्य, कारण मूळ रचना एकदा बिघडली की तिचा सुटा भाग मिळणे दुरापास्त असते.

यानंतर प्रश्न उरतो तो लाइनचा. तांब्याच्या तारेतून एक्सचेंज स्वतःच सुमारे 48 व्होल्टचा पुरवठा करी, म्हणून घरची वीज गेली तरी फोन चालत असे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीच्या या तालुक्यात, जिथे 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी वस्त्यांचा संपर्क तोडला, या गुणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आता बहुधा फायबर किंवा सिमकार्डावर चालणाऱ्या जोडयंत्रातून, म्हणजे इंटरनेटच्या वा मोबाइलच्या जाळ्याला साध्या फोनच्या तारेशी जोडणाऱ्या छोट्या पेटीतून, लाइन घ्यावी लागते आणि विजेची सोय घरानेच करावी लागते. अशी पेटी 5 वॅट खात असेल, तर 12 व्होल्टची 7 अँपिअर-तासांची बॅटरी तिला हिशेबाने सुमारे 17 तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी चालवते. पूर अनेक दिवस टिकतो, म्हणून सौर पॅनेलची जोड हवी आणि बॅटरीसह सर्व सामान पुराच्या खुणेच्या वर, माळ्यावर बसवायला हवे.

काही जोडयंत्रांत ध्रुवता उलटवण्याची सोय असते; ती सुरू केली की रुपयाचा फोन पूर्वीप्रमाणे नाणे मागू लागतो. ती बंद ठेवली तर नाण्याचा संकेतच येत नाही, आणि काही यंत्रे मग साध्या फोनप्रमाणे चालू शकतात. आपले यंत्र तसे चालत असेल, तर घरच्यांनी पावसाळ्याच्या तोंडी ही सोय बंद करून ठेवावी, म्हणजे पाणी चढत असताना बचावपथकाला फोन लावणाऱ्याला जुना रुपया शोधावा लागणार नाही.