जुन्या जीपचे डिझेल-रूपांतर : यांत्रिक जुळणी, अर्थकारण आणि कायदा
(रोहिणखेड परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव अजिंठा डोंगररांगेच्या, म्हणजेच वऱ्हाडातील बालाघाटाच्या, पायथ्याशी वसलेले आहे. इ.स. १४३७ मध्ये बहामनी सैन्य आणि खानदेशचे फारुकी यांच्यात येथे लढाई झाली. पुढे १५९० च्या सुमारास निजामशाहीच्या गादीसाठीचा एक निर्णायक संघर्षही याच गावाजवळ घडला. खोऱ्यातून पठारावर चढणाऱ्या वाटेचे महत्त्व या दोन्ही घटनांवरून लक्षात येते. ती भौगोलिक स्थिती आजही बदललेली नाही. खाली पूर्णा खोऱ्यातील चिकण काळी जमीन, वर बुलडाण्याचे पठार आणि मध्ये घाटाचा चढ अशी या परिसराची रचना आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावर चाके रुततात, तर घाटात इंजिनाची कसोटी लागते. चारही चाकांना गती देणारी जुनी जीप अशा प्रदेशात दीर्घकाळ उपयुक्त ठरली, ती यामुळेच.

मात्र या जीपचे मूळ इंजिन पेट्रोलचे होते. ते काढून त्या जागी डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये अनेक दशके चालत आली. या प्रथेमागील कारणे, त्यातील यांत्रिक प्रश्न, तिचे अर्थकारण आणि कायदेशीर बाजू यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. इंजिन बदलणे हे एका सुट्या भागाचे काम नसून संपूर्ण वाहनाच्या जुळणीचे काम आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

रूपांतराची पार्श्वभूमी

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे देशात सर्वत्र दिसू लागलेल्या सीजे-३बी या नमुन्यात ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरांचे, सुमारे २२०० घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन होते. ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती आणि २००० फेऱ्यांना सुमारे १५५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरविणारा पीळ, ही त्याची घोषित क्षमता होती. इंजिन दणकट होते, परंतु त्याचे संपीडन गुणोत्तर सातच्या आसपास असल्याने इंधनाचा खप मोठा होता. सैन्यातून निकाली निघालेल्या जबलपूरच्या जोंगा वाहनाची स्थितीही वेगळी नव्हती. तिचे सहा सिलिंडरांचे ३९५६ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन खाजगी मालकाला परवडणारे नव्हते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे दर वाढले. शेती आणि वाहतूक यांचे इंधन म्हणून डिझेल मात्र शासकीय धोरणाने दीर्घकाळ स्वस्त ठेवण्यात आले. उत्पादकांनीही हा कल ओळखला. महिंद्रने बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून २११२ घनसेंटिमीटरच्या एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेण्यात आला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी हे त्या कंपनीच्या इंजिननिर्मितीचे केंद्र बनले. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर व तत्सम वाहनेही रस्त्यावर मोठ्या संख्येने आली. अशा वाहनांची इंजिने भंगार बाजारात मिळू लागली आणि जुन्या पेट्रोल जीपच्या मालकाला मार्ग सापडला. ज्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात आणि ज्याची दुरुस्ती गावच्या मिस्त्रीला येते, तेच इंजिन निवडले जाई. ही निवड व्यवहार्य होती. परंतु इंजिन चेसिसमध्ये मावले म्हणजे ते वाहनाला जुळले, असा अर्थ होत नाही.

यांत्रिक जुळणी

पहिला प्रश्न वेगाचा आहे. सीजे-३बीच्या डिफरन्शिअलचे गुणोत्तर ५.३८ होते. चाकाचा परीघ सुमारे २.२५ मीटर धरला, तर थेट गिअरमध्ये ४००० फेऱ्यांना ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग येतो. कमाल २५०० फेऱ्यांपर्यंतच जाणारे ट्रॅक्टर-धर्तीचे डिझेल इंजिन बसविल्यास तोच वेग ताशी ६३ किलोमीटरवर थांबतो. चालक मग इंजिन सतत कमाल फेऱ्यांवर ठेवतो. त्यामुळे आवाज, कंप आणि झीज वाढते. त्यावरील योग्य उपाय क्राऊन-पिनियन बदलण्याचा आहे. गुणोत्तर ४.२७ केल्यास वेग ताशी सुमारे ७९ किलोमीटर होतो. चारचाकी गतीच्या वाहनात हा बदल पुढील आणि मागील दोन्ही आसांत सारखाच करावा लागतो. केवळ मागचा आस बदलल्यास फोर-व्हील लावताच दोन्ही आस परस्परविरोधी ओढ घेतात आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरा प्रश्न चढाचा आहे. वाहनाचे एकूण वजन १८०० किलो, चढ १२ मीटरला १ मीटर आणि चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर मानू. चढ व रस्त्याचा विरोध मिळून सुमारे १८२५ न्यूटन ओढ लागते. ५.३८ गुणोत्तर आणि गतिवहनातील १५ टक्के घट धरता थेट गिअरमध्ये इंजिनाकडून सुमारे १४४ न्यूटन-मीटर टॉर्क आवश्यक ठरतो, तर १.५५ गुणोत्तराच्या दुसऱ्या गिअरमध्ये ९३ पुरतो. मूळ पेट्रोल इंजिन हा चढ थेट गिअरमध्ये कसाबसा पार करील. १२० न्यूटन-मीटरच्या जुन्या डिझेल इंजिनाला दुसरा गिअर अपरिहार्य होईल. आता प्रवासी कोंबून एकूण वजन २५०० किलो झाले असे समजू. दुसऱ्या गिअरमध्येच सुमारे १२९ न्यूटन-मीटरची गरज निर्माण होते आणि तेच इंजिन पहिल्या गिअरवर येते. डिझेल इंजिन ‘ताकदवान’ असते हा समज यावरून तपासून घेता येतो. कमी फेऱ्यांवर टॉर्क टिकवून धरणे हा त्याचा गुण आहे. प्रत्येक डिझेल इंजिन काढलेल्या पेट्रोल इंजिनापेक्षा बलवान असते असे नाही. ४.२७ चे क्राऊन-पिनियन सपाटीवर वेग देते, पण घाटात ओढ कमी करते, हेही या गणितातून स्पष्ट होते.

तिसरा प्रश्न उताराचा आहे आणि तोच सर्वाधिक गंभीर आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडताच हवेचा मार्ग बंद होतो व निर्वात निर्माण होऊन इंजिन गाडीला रोखून धरते. जुन्या डिझेल इंजिनात हवेचा मार्ग सामान्यतः खुलाच असल्याने हा रोध तुलनेने कमी मिळतो. सीजे-३बीचे मूळ ब्रेक ड्रम पद्धतीचे व निर्वात साहाय्याविना होते. अधिक वजनदार इंजिन बसविल्यानंतर तेच ब्रेक ठेवणे म्हणजे प्रवाशांचा जीव धोक्यात घालणे होय. ब्रेकला निर्वात साहाय्य जोडायचे, तर डिझेल इंजिनावर स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. त्या जीपचे वायपरही इंजिनाच्या निर्वातावर चालत. ही बाब लक्षात न घेतल्यास पहिल्याच पावसात समोरची काच पुसली जात नाही.

यांखेरीज काही कामे अपरिहार्य असतात. इंजिन आणि गिअर बॉक्स जोडणारी प्लेट लेथवर अचूक मध्य साधून कातावी लागते. मध्य किंचित चुकला तरी क्लच व बेअरिंग लवकर निकामी होतात. वाढलेल्या वजनासाठी पुढील पाटे बदलावे लागतात. खड्ड्यात पाटे दबले असता ऑइल चेंबर पुढील डिफरन्शिअलवर आदळणार नाही, एवढे अंतर राखावे लागते. डिझेल इंजिनाच्या कंपाने चेसिसला तडे जाऊ नयेत म्हणून योग्य रबरी माउंटिंग आवश्यक असते. रेडिएटरची क्षमता, अधिक शक्तीची बॅटरी व स्टार्टर, हीटर प्लग, डिझेलची परतीची नळी आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर यांचीही व्यवस्था करावी लागते. डिझेल इंजिन ठिणगीवर चालत नसल्याने केवळ इग्निशन बंद करून ते थांबत नाही. इंधन तोडणारी केबल किंवा विद्युत झडप बसवावीच लागते.

अर्थकारण

रूपांतराचा लाभ प्रामुख्याने वाहनाच्या वार्षिक धावेवर अवलंबून असतो. उदाहरणादाखल पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये मानू. पेट्रोल जीप लिटरला ८ किलोमीटर आणि रूपांतरित जीप १२ किलोमीटर चालते असे धरल्यास दर किलोमीटरचा इंधनखर्च अनुक्रमे १२.५० व ७.५० रुपये येतो. रूपांतराचा एकूण खर्च दीड लाख रुपये असेल, तर तो भरून येण्यासाठी ३०,००० किलोमीटर धाव लागते. वर्षाला तेवढी धाव असलेल्या वाहनाचा खर्च एका वर्षात वसूल होईल. शेतकऱ्याची शेत-घर-बाजार अशी ३,००० किलोमीटर चालणारी जीप मात्र त्यासाठी १० वर्षे घेईल.

येथे इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. त्यानंतर दोन्ही इंधनांच्या दरांतील पूर्वीची मोठी तफावत राहिली नाही. आज उरणारा लाभ मुख्यतः डिझेल इंजिनाच्या इंधनक्षमतेचा आहे. पूर्वीच्या पिढीने केलेला हिशेब चुकीचा नव्हता. तो ज्या धोरणावर आधारलेला होता, ते धोरण मात्र संपले आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनासाठी विहित अटींनुसार रूपांतर-संच बसविण्याची सवलत याच कलमात आहे. इंजिन बदलल्यास १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविण्याचे बंधनही त्यात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

भंगारातून घेतलेल्या इंजिनाचा क्रमांक आरसी बुकातील क्रमांकाशी जुळत नाही. ही विसंगती १५ वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणाच्या तपासणीत उघड होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे अपघातानंतरच्या विमादाव्यात. इंजिन चोरीच्या वाहनाचे निघाल्यास मालक फौजदारी चौकशीत ओढला जातो. म्हणून खरेदीची पावती आणि मूळ वाहनाची कागदपत्रे जपणे, तसेच काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

समारोप

ग्रामीण मिस्त्रीचे कौशल्य या प्रथेच्या मुळाशी आहे आणि ते आदरास पात्र आहे. मर्यादित साधनांत त्याने अनेक जुनी वाहने कामात ठेवली. तथापि इंजिन, गिअर, ब्रेक, पाटे आणि कागदपत्रे यांपैकी एकही कडी सुटली, तर त्या कौशल्याची किंमत घाटात बसलेल्या प्रवाशांना मोजावी लागते. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. भौतिकशास्त्रातील बल व टॉर्क, वाणिज्यातील परतफेड-कालावधी आणि नागरिकशास्त्रातील कायद्याचे बंधन या तिन्ही गोष्टी परिसरातील एका जुन्या जीपच्या आधारे विद्यार्थ्यांना समजावून देता येतात. जी जीप वर्षातून थोडीच चालते, तिचे मूळ इंजिन दुरुस्त करणे बहुधा अधिक श्रेयस्कर ठरेल. जी रोज चालते, तिचे रूपांतर करायचे झाल्यास सुरुवात इंजिनापासून न करता ब्रेकपासून करावी, एवढा निष्कर्ष या विवेचनातून काढता येतो.