भिंत वाळेपर्यंत

आत्याच्या घराची मागची भिंत पुरात पडली नाही. नऊ दिवस ती छातीएवढ्या पाण्यात उभी होती. पाणी उतरलं, चिखल काढून झाला, चार दिवस कडक ऊन पडलं आणि पाचव्या दिवशी दुपारी, आम्ही सोप्यात भाकरी खायला बसलो असताना, ती खाली बसली. 'कोसळली' म्हणवत नाही इतक्या सावकाश. धुरळासुद्धा उडाला नाही, कारण माती आतून ओलीच होती. मामांनी (आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो) हातातला घास ताटात ठेवला, परड्यात जाऊन बघून आले आणि पुन्हा ताटावर बसले. "ऊन लागलं तिला," एवढंच म्हणाले.

ही गोष्ट ऑगस्ट २०१९ ची. गाव शिरोळ तालुक्यातलं. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या ज्या तालुक्यात आहेत तिथं पुराचं कुणाला अप्रूप नसतं. नृसिंहवाडीत दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की लोक मुद्दाम गाड्या करून स्नानाला जातात, त्याला 'दक्षिणद्वार' म्हणतात. दरवर्षी नदी पात्र सोडते, मळीच्या रानात शिरते, आठ दिवस बसते आणि जाते. "भेटून जाते," असं आत्या म्हणायची. त्या वर्षी ती घरात मुक्कामाला आली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांवर गेलं. कृष्णा अशी तुडुंब भरली की पंचगंगेला आपलं पाणी ओतायला जागाच राहत नाही. ते मागे सरकत राहतं. या पाण्याला आमच्याकडे 'फूग' म्हणतात. कोकणातला पूर धाडकन येतो आणि तसाच जातो. फुगेचं पाणी बोटाबोटानं चढतं आणि बोटाबोटानंच उतरतं. धारेनं घर वाहून जायची भीती कमी, पण घर भिजत पडतं. भाकरीचा तुकडा दुधात टाकून विसरावा तसं.

पुणे-बंगळूर महामार्ग जवळपास आठवडाभर बंद होता. तो सुटल्यावर मी पोचले तेव्हा घरात घोट्याएवढं पाणी होतं आणि आत्या साडीचा काचा मारून आत खराटा चालवत होती. मला ते वेड्यासारखं वाटलं. पाणी जाऊ दे की आधी, मी म्हटलं. तिनं माझ्या हातात दुसरा खराटा दिला. गाळ काढायचा असतो तो पाणी असतानाच, हे मला त्या दिवशी कळलं. पाणी उंबऱ्याबाहेर जाताना त्याच्याबरोबरच गाळ ढकलायचा, तळाशी बसू द्यायचा नाही. सतत ढवळत राहायचं आणि उतरत्या पाण्यावर सोडून द्यायचा. शेजारच्या घरातली माणसं छावणीतून दोन दिवस उशिरा आली. त्यांच्याकडे पाणी उतरून काळा गाळ फरशीवर बसला होता, वरून साय धरल्यासारखा. तो त्यांनी कुदळीनं खणून घमेल्यानं काढला. आम्हाला दीड दिवस लागला, त्यांना सहा.

गाळाचा वास अजून नाकात आहे. कुजलेला ऊस, डिझेल आणि मेलेली जनावरं. पण त्याहून वाईट वास कणगीतल्या ज्वारीचा. ती फुगून, मोड येऊन, आंबून गेली होती. हात घातला तर आतून गरम लागली. फ्रीज तरंगत जाऊन देवघराच्या दारात पाठीवर आडवा झाला होता. प्लायवूडचं कपाट खारी बिस्किटासारखं पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटलं. आत्याच्या आजेसासूची सागवानी पेटी मात्र जशीच्या तशी. वाकळा आठ होत्या. एक भिजलेली वाकळ उचलायला चौघं लागायचे. सात टाकल्या. आठवी आत्याच्या आईच्या लुगड्यांची होती. ती तिनं धुऊन धुऊन ठेवली, अजून वापरते, आणि अजून तिला पावसाळ्यात तो वास येतो असं माझं म्हणणं आहे. ती मानत नाही.

पाणी शुद्ध करायला टाकीत मेडिक्लोर, आडात टीसीएल; अंगणात दोरीवर आधार कार्डं, पासबुकं, सातबारे, लग्नातले फोटो. मदतीचे ट्रक रोज येत. पाणी, बिस्किटं, मेणबत्त्या यांचा उपयोग झाला. जुन्या कपड्यांचे मात्र चौकात ढीग पडले. त्यात शेरवानीही निघाली. ती कुणी, काय विचार करून पाठवली असेल यावर दोन संध्याकाळी बऱ्या गेल्या.

गाळ काढावा की ठेवावा, यावरूनही गल्लीत वाद होता. घर लवकर धुतलं तर वाचतं. पण पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला धुतलेल्या घरात काय दिसणार? त्याच ऑगस्टमध्ये, दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात असलेल्या कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ, अशा अटीच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्रभर टीका झाली होती, त्यामुळे पुरावा हा शब्द प्रत्येकाच्या तोंडात होता. काहींनी एक खोली चिखलासकट तशीच ठेवली. आमच्याकडे आत्येभावानं मोबाईलवर सगळं टिपलं आणि घर धुतलं. रोख मदत गावाकडे कुटुंबाला १० हजार, शहरात १५ हजार. ती यथावकाश आली.

घोळ भिंतीचा झाला. पंचनाम्याच्या दिवशी चारी भिंती उभ्या होत्या, म्हणून कागदावर 'भिंती उभ्या' असं लागलं. त्यानंतर मागची बसली. मामा पुन्हा एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं शांतपणे विचारलं, "पाणी उतरल्यावर पडली ना? मग पुरात कशी?" केंद्राच्या तेव्हाच्या निकषात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात ९५,१०० रुपये होते; अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ५,२०० आणि कच्च्याला ३,२००, तेही किमान १५ टक्के पडझड असेल तर. मातीची भिंत कोणत्या दिवशी पडते हे ज्याला माहीत आहे त्यानं हे निकष लिहिले असते, तर पंचनामा दोनदा करायची तरतूद त्यात असती. मामा तिथं वाद न घालता परत आले. त्यांना घाई दुसऱ्या गोष्टीची होती. उरलेल्या तीन भिंती.

गवंडी साठीच्या पुढचे होते. आल्यावर चहा नको म्हणाले आणि एकेका भिंतीशी उभे राहून तिच्यावर नुसता तळवा ठेवत गेले. मग थापीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐकला. ओळंबा सोडला. माजघराच्या भिंतीला दोरीपासून तीन बोटं पोट आलं होतं. "पाण्यात असतंय तवर काय हुईत न्हाई, वैनी," ते आत्याला म्हणाले. "दोनी अंगानं पाणी सारखंच दाबतंय. पाणी गेलं की वरचं सगळं ओझं खालच्या चिखलावर येतंय. आणि उनानं भायेरची कड वाळून आकसती, आतलं तसंच मऊ. मग फाटतंय."

दीड हात जाडीची भिंत. ती भिजायला नऊ दिवस लागले, वाळायला किती लागतील याचा हिशेब मी शहरी माणसाच्या डोक्यानं आठवड्यात करत होते.

त्यांनी पहिलं काम केलं ते वर चढून पोट आलेल्या बाजूची कौलं उतरवण्याचं. ओझं कमी. मग नीलगिरीचे वासे तिरपे लावून टेकू दिले, टेकूच्या डोक्याशी आडवी फळी, म्हणजे वाशाचं टोक भिंतीत घुसायला नको. तिसरं काम मात्र मला उलटं वाटलं. २००५ च्या पुरानंतर मामांनी हौसेनं आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. गुळगुळीत, ऑइलपेंट लावलेला. गवंड्यांनी तो छिन्नीनं पाडायला घेतला. पाण्याची रेघ जिथं होती त्याच्याही वर दोन हात, कारण ओल रेघेवर थांबत नाही, चढत जाते. पहिला पोपडा निघाला तेव्हा मागची माती शिऱ्यासारखी होती. बोट सहज आत गेलं. बाहेरून बघितलं तर तीच भिंत कोरडी ठणठणीत.

"सिमीट मातीला धरत न्हाई," ते म्हणाले. "निस्तं झाकतंय. पाणी खालनं चढतंय, आणि भायेर पडायला वाट न्हाई."

इथं मला मातीच्या घराचं कौतुक करायचा मोह होतो. श्वास घेणाऱ्या भिंती, उन्हाळ्यातला गारवा वगैरे. ते सगळं खरं आहे, आणि त्या घरात मी सुट्ट्या काढल्यात. पण नऊ दिवस पाण्यात उभं राहायचं असेल तर मातीला दगडाची सर नाही. गवंड्यांचं म्हणणंही मातीच्या बाजूनं नव्हतं. माती-सिमेंटची सोयरीक करू नका, एवढंच त्यांचं सांगणं होतं. माती असेल तर मातीचंच लिंपण द्या, शेण-भुसा घालून; पक्कं करायचं असेल तर खालपासून पक्कं करा. आत्येभावाला पिलर टाकून स्लॅबचं घर हवं होतं, मामांना होतं तेच. पैशानं निकाल दिला. मागची भिंत नवी, जोत्यापासून कमरेपर्यंत दगड आणि वर वीट. बाकीच्या तीन मातीच्या, वाळल्या तर.

वाळल्या का, हे बघायची त्यांची रीत साधी होती. हातभर लांबीची लोखंडी सळई. दर आठ दिवसांनी यायचे, गुडघ्याच्या उंचीवर ती भिंतीत दाबायचे, जिथं अडेल तिथं बोट धरून बाहेर काढायचे आणि शेजारी खडूनं तेवढीच रेघ मारायचे. पहिल्या रेघा वीतभर होत्या. २ सप्टेंबरला गणपती आले. भिंतीला काहीही चिकटेना, खिळा मारायची बंदी, म्हणून मूर्ती सोप्याच्या मधोमध खुर्चीवर बसवली, मागे सजावट म्हणून नुसती एक साडी दोरीवर. रेघ तेव्हा सहा बोटांची होती. पाऊस त्या वर्षी दिवाळीतही थांबला नाही, आणि एका आठवड्याची रेघ आधीच्यापेक्षा लांब निघाली. आत्या त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. थंडी पडल्यावर ओल झपाट्यानं हटली. पण तिच्या जागी लोणा आला. पहाटे भिंतीवर पांढरी बुरशी धरावी तसं मीठ फुलायचं. ते कोरड्या कुंच्यानं झाडायचं, पाणी लावायचं नाही. झाडायचं, पुन्हा फुलायचं, पुन्हा झाडायचं. हे काम पोरांकडे होतं आणि त्यांना ते आवडायचं.

लिंपणाचा पहिला हात जानेवारीत बसला. मागची भिंत मार्चमध्ये खांद्यापर्यंत आली आणि टाळेबंदी लागली. गवंडी त्यांच्या गावात, वाळू कुठंतरी वाटेत. उरलेल्या भागाला ताडपत्री बांधून ते घर पुढचा पावसाळा जगलं.

विजेचं काम आत्येभावानं स्वतः उरकलं. मीटर आढ्याजवळ, सगळी बटणं आणि सॉकेट डोक्याच्या वर. पाहुणा आला आणि त्याला मोबाईल चार्ज करायचा असला की आधी स्टूल मागावं लागतं. फ्रीज चार फुटांच्या कट्ट्यावर आहे; आत्याला वरच्या कप्प्यातलं लोणचं काढायला कुणाला तरी हाक मारावी लागते. ती त्याला 'देव्हारा' म्हणते.

जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा घरात आली. मागच्या रेघेपेक्षा दोन फूट खाली थांबली. या वेळी वाकळा, धान्य, कागद सगळं आधीच वर गेलं होतं, आणि खराटे चार होते. घर दुपारपर्यंत धुऊन झालं. ऊन चांगलं होतं, पण आत कुणी जेवायला बसलं नाही; ताटं अंगणात, आंब्याखाली. तिसऱ्या दिवशी गवंडी न बोलावता आले. वाकून चालायला लागले होते. माजघराच्या भिंतीवर तळवा ठेवला, मग सळई दाबली. मामा शेजारी खडू घेऊन उभे.

चार बोटं गेली.

"मारू काय रेघ?" मामांनी विचारलं.

"थांबा," ते म्हणाले, आणि दोन हात पलीकडे सरकून सळई पुन्हा दाबली.