सहा कप्पे, सहा बार. पण एका वेळी एकच
ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचे शास्त्र आणि त्यातील धोके

ठासणीची बंदूक हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवाना घेऊन बाळगलेल्या अशा बंदुका अनेक घरांत होत्या आणि काही ठिकाणी आजही आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, मागे केप लावायची आणि चाप ओढायचा, ही तिची रीत. याच रीतीने भरायचे रिव्हॉल्व्हरही असते, हे मात्र शहरी वाचकाला सहसा ठाऊक नसते. पाश्चात्त्य चित्रपटांनी या समजुतीत आणखी घोळ घातला. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या १९६६च्या चित्रपटाची कथा घडते अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, पण नायकाच्या हातातील कोल्ट काडतुसांची असते. त्या युद्धातील बहुसंख्य रिव्हॉल्व्हरे प्रत्यक्षात सुटी दारू, शिशाची गोळी आणि तांब्याची टोपी यांवर चालत.

सॅम्युएल कोल्ट यांना अमेरिकेत १८३६ साली पेटंट मिळाले आणि फिरत्या चक्राचे हे शस्त्र बाजारात आले. त्यांचे १८५१चे 'नेव्ही' मॉडेल दोन लाखांहून अधिक तयार झाले. त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्ट आणि इंग्रज कारागीर रॉबर्ट अ‍ॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरे समोरासमोर आली. १८५७च्या उठावात कंपनी सरकारच्या अनेक अधिकाऱ्यांच्या कमरेला या दोघांचीच हत्यारे होती. धातूच्या काडतुसाने पुढच्या दोन दशकांत हा सारा प्रकार कालबाह्य केला.

कालबाह्य झाला, पण नाहीसा झाला नाही. १९५०च्या दशकाअखेरीस अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली, तेव्हा जुन्या रिव्हॉल्व्हरच्या हुबेहूब प्रतिकृतींना मागणी आली. ती पुरवली इटलीतील ब्रेशिया शहराजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या बंदूक कारागिरांच्या गावाने. १९५९ साली स्थापन झालेली उबेर्ती ही त्यातील नामांकित कंपनी. आज अमेरिका व युरोपात हा रीतसर नेमबाजीचा प्रकार आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ मीटरवरील लक्ष्यावर अर्ध्या तासात १३ बार काढायचे आणि त्यातील उत्तम १० मोजायचे, असा नियम आहे. अर्ध्या तासात तेराच बार! भरण्याचे काम किती सावकाश आणि किती काळजीचे आहे, याची कल्पना यावरून यावी.

या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात बहुधा सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याच्या मागे एक पोकळ खुंटी असते व तिच्यावर टोपी बसते. ही टोपी म्हणजे दिवाळीत मुलांच्या पिस्तुलात वाजणाऱ्या टिकलीचीच थोरली बहीण. घोडा पडला की टोपीतील स्फोटक मिश्रण पेटते, ठिणगी खुंटीतून आत शिरते आणि दारूचा भडका उडतो.

पहिला नियम दारूचाच आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणातील काळी दारू, अथवा तिच्यासाठी म्हणूनच विकला जाणारा पर्याय, एवढेच या हत्यारात चालते. आधुनिक काडतुसातील धूररहित दारू दिसायला तशीच भुकटी असली तरी तिचा दाब अनेक पटींनी चढतो. ती या कप्प्यात घालणे म्हणजे हातात बाँब धरणे होय. खुद्द काळ्या दारूचाही अतिरेक परवडत नाही. कोल्ट यांच्या १८४७च्या 'वॉकर' रिव्हॉल्व्हरच्या कप्प्यात सुमारे ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम दारू मावत असे. त्यातील अनेकांची चक्रे फुटली. आजचे निर्माते प्रत्येक मॉडेलसाठी मर्यादा छापून देतात. ती ओलांडण्यात शौर्य नाही.

दारू डब्यातून थेट कप्प्यात ओतायची नाही. आधीच्या बारातील एखादी ठिणगी आत धुमसत असेल, तर डब्यासह हात जाईल. ती मापात काढून मग कप्प्यात टाकायची. त्यानंतर मऊ शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या तरफेने ती घट्ट दाबायची. गोळी कप्प्यापेक्षा किंचित मोठी हवी, इतकी की आत जाताना तिच्या कडेची शिशाची बारीक कडी कापली जावी. ही कडी निघाली म्हणजे कप्पा बंद झाला, असा भरवसा. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहता कामा नये. राहिली तर दाब अनियमित चढून कप्पा फुगू वा फुटू शकतो. नेम साधण्यासाठी कमी दारू वापरणारे नेमबाज उरलेली जागा चक्क रव्याने भरतात. स्वयंपाकघरातील रवा इतक्या गंभीर कामी येत असेल, असे कोणाला वाटेल?

सर्वांत भीतीदायक प्रकार म्हणजे एका बाराबरोबर शेजारचे कप्पेही पेटणे. इंग्रजीत त्याला 'चेन फायर' म्हणतात. ज्वाला पुढून सैल गोळीच्या फटीतून शिरते, की मागून सैल टोपीखालून, यावर जाणकारांत जुना वाद आहे. पण वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण दोन्ही दारे बंद करता येतात. पुढे घट्ट गोळी आणि तिच्यावर चरबीचा लेप किंवा खाली तेलकट लोकरी चकती. मागे मापाची, नीट बसणारी टोपी. कोल्टच्या फिरत्या चक्राच्या रायफलीत डावा हात चक्राच्या पुढे येत असे, त्यामुळे असे भडके सैनिकांच्या हाताला इजा करत आणि ती रायफल बदनाम झाली. रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरतानाही दुसरा हात चक्राच्या पुढे नेऊ नये, तो यासाठीच.

टोप्या लावायच्या त्या सर्वांत शेवटी, मैदानातील गोळीबाराच्या रेषेवर आणि नळी लक्ष्याकडे ठेवून. टोपी घोड्याने दाबून बसवण्याचा मोह घातक ठरतो. त्यासाठी लाकडी काडी वापरतात. रिव्हॉल्व्हर जवळ बाळगायचे असेल तर पाचच कप्पे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर टेकवण्याची जुनी सवय आजही शहाणपणाची मानली जाते.

चाप ओढला आणि बार फुसका गेला, तर लगेच नळीत डोकावू नये. आत धुमसणारी दारू उशिरा पेटू शकते. नळी लक्ष्याकडेच रोखून किमान एक मिनिट थांबावे, मग नवी टोपी लावावी. फुटलेल्या टोप्यांचे तुकडे यंत्रात अडकतात, मागेही उडतात. म्हणून डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण आवश्यक.

कायद्याचे चित्र देशोदेशी वेगळे आहे. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात अशा ठासणीच्या प्रतिकृतींना सामान्य बंदुकीच्या व्याख्येतून वगळले आहे, मात्र राज्यांचे नियम निराळे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार चालत्या ठासणीच्या हत्यारालाही परवाना लागतो.

बार संपले तरी काम संपत नाही. काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषते आणि एका रात्रीत पोलादावर गंज धरू लागते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर बोलायलाच नको. म्हणून त्याच दिवशी चक्र काढून, खुंट्या सोडवून, सर्व भाग गरम साबणपाण्याने घासून धुतात, पूर्ण वाळवतात आणि तेलाचा हात फिरवतात. पुढच्या खेपेला भरण्यापूर्वी हे तेल पुसून काढावे लागते आणि प्रत्येक खुंटीवर एकेक टोपी रिकामीच उडवून वाट मोकळी आहे ना, ते पाहावे लागते. तेल राहिले तर दारू भिजते आणि पहिलाच बार फुसका जातो.