ॲल्युमिनियमचे सोनेरी कवच

ॲल्युमिनियम गंजत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हा धातू लोखंडापेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील आहे. हवेचा स्पर्श होताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या तीन-चार पट एवढीच असते. परंतु तो घट्ट चिकटून राहतो आणि आतील धातूस हवापाण्यापासून दूर ठेवतो. लोखंडावरील गंज सुटून पडतो, हा पापुद्रा पडत नाही.

शुद्ध ॲल्युमिनियम मात्र मऊ असते. आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन धातुवैज्ञानिकाने १९०६ च्या सुमारास त्यात सुमारे चार टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळले. तापवून एकदम थंड केलेला हा मिश्रधातू प्रथम मऊच होता. दोन-तीन दिवसांनंतर मात्र तो आपोआप कठीण झालेला आढळला. हाच ड्युरॅल्युमिन. पुढील विमानबांधणी बव्हंशी याच्या आणि याच्या वंशजांच्या आधारावर झाली.

परंतु ज्या तांब्याने बळ दिले, तेच घातकही ठरले. मिश्रधातूत तांबेयुक्त सूक्ष्म कण विखुरलेले असतात. खारट ओलावा मिळाला की असा प्रत्येक कण ऋणाग्र बनतो, भोवतालचे ॲल्युमिनियम धनाग्र बनते आणि विरघळू लागते. वरून पाहावे तर पांढऱ्या भुकटीचा एखादा ठिपका. खाली मात्र खोल खड्डा. अशा खड्ड्यातूनच पुढे तडा जाऊ शकतो, आणि विमानाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय हे सांगावयास नको.

यावरील एक उपाय म्हणजे क्रोमेटचा लेप. याला लेप म्हणणे तितकेसे बरोबर नाही, कारण तो रंगाप्रमाणे वरून दिला जात नाही. धातूचा पृष्ठभागच त्यात रूपांतरित होतो. स्वच्छ केलेला पत्रा क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि फ्ल्युओराइड असलेल्या आम्लधर्मी द्रावणात काही मिनिटे बुडवितात. फ्ल्युओराइड जुना पापुद्रा विरघळविते. उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमकडून इलेक्ट्रॉन मिळाल्याने षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण होऊन ते त्रिसंयुजी बनते. त्याच वेळी पृष्ठभागालगतचे आम्ल खर्ची पडते आणि क्रोमियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत थर तेथे साचतो. वाळल्यावर तो सोनेरी-पिवळा दिसतो. ताजा असताना तो इतका नाजूक असतो की बोटानेही पुसला जावा. फार तापविला तर त्यातील पाणी निघून जाऊन त्याला भेगा पडतात.

या थराचा खरा गुण निराळाच आहे. त्यात थोडे षट्संयुजी क्रोमियम शिल्लक राहिलेले असते. ओरखडा पडून पाणी शिरले की ते पाण्यात उतरते, उघड्या धातूपर्यंत पोहोचते आणि तेथे नवा थर घालते. जखम भरून यावी तसाच हा प्रकार.

दुर्दैवाने हेच षट्संयुजी क्रोमियम माणसाला घातक आहे. त्याचे तुषार वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग संभवतो. तमिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमेट बनविणारा कारखाना बंद पडल्यानंतरही त्याच्या कचऱ्याच्या ढिगाने भूजल दूषित केले. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीवाचून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरता येत नाही.

त्याऐवजी त्रिसंयुजी क्रोमियम व झिर्कोनियम यांची द्रावणे आता प्रचारात आली आहेत. संरक्षण चांगले मिळते. परंतु स्वतःची जखम भरण्याची जुन्या थराची शक्ती त्यांत तितकी आढळत नाही. शिवाय हा नवा थर जवळजवळ रंगहीन असतो. त्यामुळे पत्र्यावर प्रक्रिया झाली आहे की नाही, हे तपासनिसाला पूर्वीसारखे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही.