दूध-भाकरीवर मांजर जगते का?

धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी घरांत मांजराला दूध-भाकर कुस्करून घालण्याची रीत इतकी जुनी आणि सार्वत्रिक आहे की, हे अन्न त्याच्या प्रकृतीला पुरते की नाही, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. गोठ्यात आणि धान्याच्या कणगीभोवती वावरणारी मांजरे या काल्यावर वर्षानुवर्षे तग धरून असलेली दिसतात. मात्र ती केवळ काल्यावर कधीच जगत नव्हती. ज्वारी, तूर आणि हरभरा साठवलेल्या घरात उंदरांना तोटा नसे, आणि मांजराच्या शरीराची खरी गरज उंदीर, पाली व पाखरे भागवत असत. भाकरी ही त्या शिकारीला मिळालेली जोड होती. धाराशिव शहरातील किंवा तुळजापूर, उमरगा येथील बंद दाराच्या सदनिकेत वाढणाऱ्या मांजराच्या वाट्याला मात्र उंदीर येत नाही, आणि ही जोडच त्याचे मुख्य अन्न होऊन बसते. धोका सुरू होतो तो येथून.

मांजर हा मांसाहारावाचून जगू न शकणारा प्राणी आहे. माणूस किंवा कुत्रा आपल्या शरीरात जे काही घटक तयार करून घेऊ शकतो, ते मांजराला तयारच मिळावे लागतात: गाजरातील किंवा पालेभाजीतील रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता त्याच्याकडे जवळजवळ नाही, आणि टॉरिन नावाचे, मुख्यतः प्राण्यांच्या स्नायूंत व हृदयात आढळणारे द्रव्य त्याचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल झिजते, हे १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. त्याच अभावामुळे हृदयाचे स्नायू पातळ व दुर्बळ होतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पियॉन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. ज्वारीत टॉरिन नाही, आणि गाईच्या दुधात ते फारच थोडे असते. मध्यम आकाराची एक भाकरी सुमारे दोनशे कॅलरी देते, आणि चार किलो वजनाच्या घरातल्या मांजराची दिवसाची गरजही साधारण तेवढीच असते. म्हणजे भाकरी खाऊन त्याचे पोट भरते, अंगावर गोलाईही दिसते, आणि नजर मात्र महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात न येता मंदावत जाते. हृदयाची हानी वेळीच ओळखली तर भरून येऊ शकते. झिजलेले दृष्टिपटल परत येत नाही.

दुधाविषयीचा समज तर याहूनही पक्का आहे. पिलू आईचे दूध पिते, तोवर दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे पाचकद्रव्य त्याच्या आतड्यात भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यावर ते घटत जाते, आणि न पचलेली साखर आतड्यात आंबून अनेक मांजरांना जुलाब होतात. सर्वच मांजरांना दूध बाधते असे नाही. थोडे दूध काहींना सहज सोसते. भूम तालुक्यात आणि कुंथलगिरीच्या परिसरात खव्याचा मोठा व्यवसाय आहे, त्यामुळे खवा किंवा पेढ्याचा तुकडा मांजरापुढे टाकला जाणे स्वाभाविक आहे. परंतु चार-पाच लिटर दूध आटवून किलोभर खवा होत असल्याने त्यात लॅक्टोजही तितक्याच पटीने दाटलेले असते. मांजर तो गोडीसाठी खात नाही, कारण गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे जनुक मांजरकुळात निकामी झालेले असल्याचे फिलाडेल्फियातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले आहे. त्याला ओढ असते ती त्यातील स्निग्धांशाची.

सर्वांत गंभीर धोका कांद्या-लसणाचा आहे, आणि मराठवाड्याच्या स्वयंपाकात हे दोन्ही नसलेले कालवण शोधावेच लागते. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर आघात करतात. मांजराचे हिमोग्लोबिन या आघाताला इतर बहुतेक प्राण्यांच्या हिमोग्लोबिनपेक्षा अधिक बळी पडते, पेशी फुटू लागतात आणि पंडुरोग होतो. वजनाच्या दर किलोमागे सुमारे पाच ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात दखल घेण्याजोगे बदल होतात, म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, एका लहान कांद्याहूनही कमी, पुरेसा ठरतो. लसूण याहून तीव्र असतो. शिजवल्याने किंवा तळल्याने हे विष नाहीसे होत नाही. उस्मानाबादी शेळीच्या मटणासाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात काळ्या मसाल्याचा रस्सा तिखट म्हणून मांजराला देत नाहीत, पण अळणी मटण सौम्य समजून वाढले जाते. अळणीत तिखट नसले, तरी कांदा, लसूण आणि मीठ बहुधा असतेच, त्यामुळे मांजराच्या दृष्टीने ते निर्धोक नाही. हिरड्या फिकट किंवा पिवळट दिसणे, लघवी गडद होणे, धाप लागणे ही लक्षणे खाल्ल्यानंतर काही दिवसांनीच दिसतात. तोवर ‘काही झाले नाही’ असे समजून तेच अन्न पुन्हा दिले जाण्याची शक्यता असते.

जिल्ह्यात पिकणारी द्राक्षे आणि त्यांचे बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, हे सिद्ध आहे. मांजरांबाबत पुरावा अपुरा असला, तरी त्यांच्यापासून ती दूर ठेवणेच शहाणपणाचे. चॉकलेट, चहा आणि कॉफी यांविषयी दुमत नाही: ती देऊच नयेत. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे घशात किंवा आतड्यात रुततात.

याचा अर्थ घरचे काहीच देऊ नये असा नाही. मटण किंवा कोंबडी फोडणीला टाकण्यापूर्वीच मांजराचा वाटा बाजूला काढून, मीठ-मसाल्याविना, हाडे वगळून शिजवला, तर तो उत्तम. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ज्या पाण्यात मांस शिजले ते फेकून न देता सोबत द्यावे. शेळीचे किंवा कोंबडीचे काळीज थोडेच चालेल, कारण त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व रोज अतिरिक्त झाले तर मणक्यांची हाडे एकमेकांना जखडतात. उकडलेल्या अंड्यावर कोणाचा आक्षेप नाही. तरीही हे सारे दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापुरतेच असावे, आणि उरलेला भाग मांजरांसाठीच बनवलेल्या संपूर्ण खाद्याचा असावा. कुत्र्याचे खाद्य येथे चालत नाही, कारण त्यात टॉरिनची खात्री नसते. ज्या घरात हे खाद्य परवडत नाही, तेथे निदान भाकरीचा वाटा कमी करून मांस-मासळीचा वाढवणे आवश्यक आहे.

हा बदल एका दिवसात करता येत नाही. दूध-भाकरीची सवय झालेले मांजर नव्या अन्नाला तोंड लावत नाही, आणि ‘भूक लागली की खाईल’ म्हणून त्याला उपाशी ठेवणे घातक ठरते: लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तरी शरीरातील चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ लागते. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत प्रमाण उलटवावे, आणि मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.