पुन्हा धावताना

पायाचे दुखणे बरे झाले, की धावण्यासाठी मन अधीर होते. मुलांनो, जपण्याची वेळ हीच असते. हृदय व फुप्फुसे व्यायामाला लवकर सरावतात. काही आठवड्यांतच दम टिकू लागतो. परंतु हाडे, सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना बळ येण्यास महिनेच्या महिने लागतात. अस्थिबंध व कंडरा यांना रक्तपुरवठाही बेताचाच असतो. त्यामुळे छाती ‘अजून धाव’ म्हणत असते, त्या वेळी घोट्याची तयारी झालेली नसते.

विद्यार्थिदशेत माझा घोटा मुरगळला होता. सूज ओसरताच मी मैदानाला फेऱ्या घालू लागलो. दम उत्तम होता, म्हणून आठव्याच दिवशी अंतर दुप्पट केले! त्या संध्याकाळी दोघा मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून मला घरी यावे लागले, आणि सारा हिवाळा खिडकीत बसून गेला.

म्हणून आधी डॉक्टरांची अनुमती घ्यावी. अर्धा तास झपझप चालूनही पाय दुखला नाही, तरच धावण्यास आरंभ करावा. तोही १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, अशा क्रमाने. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. धावणे एक दिवसाआड असावे, कारण भार सोसलेले हाड विश्रांतीच्या काळातच भरून येते. पोटऱ्या थोड्या आंबल्या, तर चिंता नको. मात्र एकाच जागी टोचणारी वेदना दुसऱ्या दिवशी सकाळीही कायम असेल, तर धावणे थांबवून पुन्हा डॉक्टरांना पाय दाखवावा.