उबुंटूचीं भावंडें

संगणकाचा कारभार चालविणारी ‘उबुंटू’ ही विनामूल्य प्रणाली २००४ सालीं निघाली. नांव दक्षिण आफ्रिकेंतलें, अर्थ माणुसकी. मागाहून कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू हीं भावंडें आलीं. गाभा एकच, पडद्यावरील मांडणी तेवढी निराळी, आणि आद्याक्षर त्या मांडणीचें: केडीईवरून कुबुंटू, एक्सएफसीईवरून झुबुंटू. (इंग्रजी ‘एक्स’ येथें ‘झ’ होतो, देवनागरींत ही खूण हरवते.) पुढील आंकडा सालमहिन्याचा, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. जुन्या यंत्रास लुबुंटूची हलकी मांडणी मानवते. परंतु ह्या आवृत्तींत मूळ उबुंटूची डागडुजी पांच वर्षें, भावंडांची तीनच, हें गृहस्थांनीं ध्यानांत ठेवावें असें आम्हांस वाटतें. लुबुंटू घेणाऱ्या घरानें २०२७ च्या एप्रिलपूर्वीं नवी आवृत्ति चढवावयास हवी.